बाई उभ्या राहिल्या नाहीत त्या वर्षी

बाई यंदा उभ्या राहणार नाहीत, ही बातमी आम्हाला दुबईजवळ अजमानमध्ये, शनिवारी सकाळी पोहे खाताना कळली. मामांच्या फोनवर गावाच्या ग्रुपमध्ये तेवढी एकच ओळ आली होती. मामांनी ती दोनदा वाचली, चमचा ताटलीत ठेवला आणि म्हणाले, "खोटं असेल."

"कुणी पाठवलंय?" मामीनं विचारलं.

"दाजींनी."

"मग खरंच आहे. दाजींना थापा मारता आल्या असत्या तर त्यांची प्रेस बंद पडली नसती."

दाजी म्हणजे माझे वडील. आमच्या तालुक्याच्या गावात त्यांची छोटी प्रेस होती. लग्नपत्रिकांवर घर चालायचं आणि पत्रकांवर वडील चालायचे. पाण्यासाठी मोर्चा असो, रेशनसाठी धरणं असो, नाहीतर दवाखान्यात डॉक्टर नाही म्हणून ठिय्या असो, पत्रक आमच्याकडे छापलं जायचं. शाळेत नाव घालायच्या आधी मला 'जाहीर निषेध' वाचता येत होतं. माझ्या वह्यांना कव्हरं उरलेल्या पत्रकांची असायची. वडिलांचे दोन नियम होते. ज्याच्या खाली नाव नाही ते पत्रक छापायचं नाही, आणि जे स्वतः पाहिलं नाही ते लिहायचं नाही. मी त्या दोन नियमांवर वाढले. अजूनही एखाद्या भिंतीवर खाली नाव नसलेला कागद चिकटवलेला दिसला की माझं डोकं फिरतं.

बाई म्हणजे अख्ख्या गावाच्या बाई. जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीला शिकवायच्या, त्यामुळे निम्मं गाव त्यांचं विद्यार्थी. मामाही त्यातलेच. पुढे नोकरी सोडून बाईंनी बायकांना घेऊन घागर मोर्चा काढला, तो इतका चालला की पुढे त्या नगराध्यक्ष झाल्या. मग पुन्हा झाल्या. नळ आले, दवाखाना उघडा राहू लागला. रोज सकाळी सातला त्या घराच्या ओट्यावर बसायच्या आणि तक्रार घेऊन येणाऱ्याला पायरीवर बसवून सगळं वहीत लिहून घ्यायच्या. कुठल्या पक्षाच्या, हे गावात फारसं कुणी विचारायचं नाही.

त्या वर्षी पक्षानं वरून फर्मान काढलं होतं. नगराध्यक्षपदाचा उमेदवार मुंबईत ठरणार नाही, गावातल्या सभासदांनी आधी आपसात मतदान करून तो निवडायचा. आमच्याकडे हे कुणी मनावर घेतलं नव्हतं. बाई असताना चिठ्ठ्या छापायचीसुद्धा गरज पडणार नाही, असं सगळे धरून चालले होते. आता बाई नाहीत म्हटल्यावर त्या मतदानाला एकदम जीव आला. दुपारपर्यंत सिस्टरचं नाव पुढे आलं. सिस्टर म्हणजे पालिकेच्या दवाखान्यातल्या पूर्वीच्या नर्स, नंतर नगरसेविका, बाईंच्या दोन्ही कारकिर्दींत त्यांच्या बरोबरीनं राबलेल्या. आणि संध्याकाळपर्यंत दुसरं नाव पुढे आलं, ते माझ्या मामांचं.

मामा बावीस वर्षं अमिरातीत आहेत. कामगारांच्या कॅम्पच्या स्वयंपाकघरात भाकऱ्या थापण्यापासून सुरुवात केली. आता दुबईत रास अल खोरला त्यांचं स्वतःचं गाळ्यातलं युनिट आहे. तिथे ज्वारी-बाजरीची पिठं, चटण्या, तयार भाकऱ्या होतात आणि दुबई-शारजाच्या दुकानांत जातात. गावाकडचा कुणीही पोरगा इथे उतरला की त्याच्या खिशात मामांचा नंबर असतो. मलाही त्यांनीच आणलं. माझी नोकरी रास अल खोरलाच, एका मालवाहतूक कंपनीत कागदपत्रांची. राहायला मामांचं घर. रोज सकाळी अजमानहून त्यांच्याच गाडीतून जायचं, ट्रॅफिकमध्ये दीड तास त्यांच्या गप्पा ऐकायच्या.

दुसऱ्या दिवशी रविवार असूनही ते पिठाची गाडी उतरवून घ्यायला निघाले होते, मी सोबत गेले. शारजाच्या पुलावर गाड्या थांबल्या तेव्हा मी सरळ विचारलं, "मामा, तुम्हाला खरंच उभं राहायचंय?"

त्यांनी नजर समोरच्या ट्रकवर ठेवली. "गावात गेलो की लोक विचारतात, कधी आलास. लगेच पुढे विचारतात, कधी जाणार. मधलं कुणी विचारत नाही. बावीस वर्षं झाली, मधलं कुणी विचारत नाही."

"मग नगराध्यक्ष झाल्यावर विचारतील?"

"तुझी मामीही हेच म्हणाली. तुम्ही दोघी बोलून घेता का आधी?"

मी म्हटलं, "मला विचाराल तर सिस्टर हव्यात. काविळीच्या साथीत त्या घरोघर फिरल्यात, मी पाहिलंय. तुम्ही तेव्हा इथे होता."

"होतो," मामा म्हणाले. "इथूनच औषधाचे पैसे पाठवले होते, पण असो. मी काही सिस्टरला वाईट म्हणत नाही. मी म्हणतोय, मलाही एकदा विचारा." मग जरा हसून म्हणाले, "पत्रक लिहिशील ना माझं? दाजींची पोर घरात असताना मी बाहेर कुणाकडे जाऊ?"

इथे मी कबूल केलं पाहिजे की मी मोहात पडले. अमिरातीत आल्या दिवशीच, विमानतळावरून घरी नेताना, मामांनी मला बजावलं होतं. इथे कागद वाटायचे नाहीत, माणसं जमवायची नाहीत, झेंडा-बॅनर काही नाही, आपण पाहुणे आहोत. मी ते पाळलं होतं. पण हाताला खाज सुटायची. आणि हे पत्रक गावाचं होतं, गावात छापलं जाणार होतं, फक्त लिहिलं जाणार होतं अजमानच्या जेवणाच्या टेबलावर. मी तीन अटी घातल्या. सिस्टरविरुद्ध एक शब्द लिहिणार नाही. मामांनी जे केलं नाही ते लिहिणार नाही. आणि बाईंचा त्यांना पाठिंबा आहे असं लिहिणार नाही, कारण बाई तसं बोललेल्या नाहीत.

पहिल्या दोन अटी मामांनी लगेच मान्य केल्या. तिसरीवर आठवडाभर वाद झाला.

"आशीर्वाद तर लिही," ते म्हणायचे. "विद्यार्थ्याला बाईंचा आशीर्वाद असतोच."

"सिस्टरही त्यांच्याच विद्यार्थिनी आहेत."

"मग तिनंही लिहावं."

"मामा, बाईंनी कुणालाच काही सांगितलेलं नाही. त्या गप्प आहेत, याचा अर्थ त्यांना गप्पच राहायचंय."

"गप्प आहेत म्हणूनच लोक विचारतायत ना, बाईंचा माणूस कोण. तेवढ्यावरच मतदान होणार आहे. सिस्टरकडचेही तेच सांगत फिरतायत, मीही तेच सांगणार."

ते खरंच होतं. बाई उभ्या राहिल्या नाहीत, पण गावात त्यांच्याशिवाय दुसरा विषय नव्हता. मामांच्या फोनवर रोज कुणीतरी सांगायचं, आज बाईंनी सिस्टरला चहा पाजला, काल बाईंनी तुमच्या चुलतभावाची चौकशी केली. चहाच्या कपावरून लोक निकाल लावत होते.

शेवटी तोडगा मीच काढला, आणि तोच मला भोवला. बाईंचा पाठिंबा लिहायचा नाही, पण वर त्यांचा मोठा फोटो द्यायचा, खाली त्यांनी केलेली कामं, आणि त्याखाली मामांचं म्हणणं की ही कामं पुढे न्यायची आहेत. मामांचा फोटो अगदी लहान, तळाशी. मामांना हे फार आवडलं. "बाई मोठ्या, मी लहान," ते म्हणाले. "बरोबर आहे."

फोटोही मीच निवडला. गावातल्या चौकांतल्या त्या भगभगीत फ्लेक्सांचा मला लहानपणापासून राग. गुलाबी-केशरी आकाश, गॉगल घातलेले तरुण नेते, खाली गोल गोल चेहऱ्यांची रांग. वडिलांची पत्रकं स्वस्त कागदावर काळ्या शाईत असायची आणि मला त्यातच इभ्रत वाटायची. वडिलांच्या खोक्यातला घागर मोर्च्याचा एक काळा-पांढरा फोटो माझ्या फोनमध्ये होता. बाई खांद्याशी घागर धरून सरळ कॅमेऱ्याकडे बघतायत, केस काळे, चेहरा शांत. त्यापुढे रंगीत फोटो मला बाजारू वाटले.

शुक्रवारी अर्ध्या दिवसानंतर आम्ही बर दुबईला गेलो. मीना बाजारच्या मागे एका जिन्यावर दोन टेबलांचं ऑफिस आहे, तिथली फिलिपिनो मुलगी मामांच्या चटण्यांची लेबलं करते. मराठी तिला येत नाही, पण मामांच्या मिरचीचा रंग ती आमच्यापेक्षा चांगला ओळखते. आता ती फक्त मांडणी करून देणार होती, फाईल आम्ही गावाला पाठवणार होतो. तिनं फोटो वर लावला, मागे हटून पाहिला आणि तिला तो जरा उघडा वाटला. मग दिवाळीच्या फराळाच्या डब्यांसाठी तिनं बनवलेली पांढऱ्या फुलांची किनार काढली आणि फोटोभोवती बसवली.

"सर, फ्लावर्स? फॉर रिस्पेक्ट," तिनं विचारलं.

मामांच्या डोळ्यांत पाणी आलं. "व्हेरी गुड," ते म्हणाले. "व्हेरी व्हेरी गुड."

मी त्या वेळी काय करत होते? मी अनुस्वार तपासत होते. पडद्याला नाक लावून एकेक ओळ वाचत होते, ऱ्हस्व-दीर्घ बघत होते, तळाला मामांचं पूर्ण नाव आहे ना याची खात्री करत होते. मजकुरात एकही चूक नव्हती. ते आजही मी छातीवर हात ठेवून सांगेन.

घरी आल्यावर मामांनी ते कौतुकानं मामीला दाखवलं. माझी मामेबहीण, पंधरा वर्षांची, पाणी प्यायला आली आणि आईच्या खांद्यावरून डोकावली.

"हू डाइड?" तिनं विचारलं.

"शुभ बोल जरा," मामी म्हणाली.

"आय एम जस्ट आस्किंग."

"मराठी वाचता येत नाही ना, त्याचं हे," मामा म्हणाले. "कितीदा सांगितलं शनिवारी वर्गाला जा."

मीसुद्धा सोडलं नाही. मी तिला बाई कोण, घागर मोर्चा काय, हे दहा मिनिटं ऐकवलं. ती बिचारी ग्लास हातात धरून उभी राहिली आणि शेवटी "ओके, सॉरी" म्हणून आत गेली. मामांनी गावातल्या फ्लेक्सवाल्याला दोन फाईल पाठवल्या. पत्रकासाठी एक आणि एसटी स्टँडच्या चौकात लावायच्या मोठ्या फ्लेक्ससाठी एक.

रविवारी सकाळी साडेसातला वडिलांचा फोन आला. गावात नऊ वाजले असतील.

"मामा कुठाय?"

"आंघोळीला गेलेत. काय झालं?"

"बाई गेल्या."

"कधी?" मी ओरडले. वडील म्हणाले, "असं गावाला वाटतंय. बाई ओट्यावर मेथी निवडतायत. तुला चौकातल्या फ्लेक्सचा फोटो पाठवतो. बघ आणि मग मला सांग, मी तुला काय शिकवलं."

फोटो आला. भल्या मोठ्या फ्लेक्सवर बाईंचा काळा-पांढरा चेहरा, भोवती पांढरी फुलं. मजकूर खाली, बारीक. आपल्याकडे चौकात असा फ्लेक्स एकाच कारणासाठी लागतो, आणि ते कारण कळायला कुणाला मजकूर वाचावा लागत नाही. मामेबहिणीलाही लागला नव्हता. आजीच्या घरातल्या भिंतीवर तिनं तसलेच फोटो पाहिले होते.

नंतर वडिलांकडून तुकड्या-तुकड्यांनी कळलं. फ्लेक्स लावणारे दोघे मामांच्याच ओळखीतले. त्यांनी फ्लेक्स उलगडला आणि दोघेही गलबलले. त्यांना वाटलं, बातमी दुबईला आधी पोचली असणार, दुबईला सगळं आधी कळतं. डोळे पुसत त्यांनी तो नीट ताणून बांधला. सकाळी पहिल्या एसटीनं आलेल्यांनी पाहिला आणि बाजारातली शटरं निम्म्यावर आली. भाजीवाल्या बायका बाईंच्या घराकडे निघाल्या. पुण्यातल्या दोन जुन्या विद्यार्थ्यांनी गाडी काढली. एका कामसू माणसानं बांबूची चौकशीसुद्धा करून ठेवली. आणि बाई ओट्यावर बसलेल्या. समोर एवढी गर्दी बघून त्यांनी विचारलं, "कोण गेलं रे?"

पुढच्यानं हातातला हार पाठीमागे लपवला.

"मागे काय लपवतोस? दे इकडे," बाई म्हणाल्या. "देवाला घालते."

मामा आंघोळ करून बाहेर आले तेव्हा मी फोन त्यांच्या हातात दिला. ते बघत राहिले. माझ्या मामांना मी रागावलेले पाहिले आहेत, विमान चुकल्यावर, पिठाचा कंटेनर बंदरात अडकल्यावर. तसं काही झालं नाही. ते सोफ्याच्या कडेला टेकले आणि म्हणाले, "मी बाईंना मारलं."

मामी त्यांच्या शेजारी जाऊन बसली. मामेबहीण आतून आली. "आय टोल्ड..." एवढंच म्हणाली, वडिलांचा चेहरा बघितला आणि त्यांच्या पायाशी बसून त्यांच्या गुडघ्याला टेकली.

मी म्हटलं, "मामा, फोटो मी निवडला. फुलांकडे मी लक्ष दिलं नाही. तुम्ही असं गावाला सांगा."

त्यांनी बाईंचा नंबर लावला. घाईघाईत स्पीकर चालू झाला आणि त्यांना तो बंद करता येईना, म्हणून आम्ही सगळ्यांनी ते ऐकलं.

"बाई, मी अजमानहून बोलतोय."

"मला मारून वर फोन करतोस?"

"बाई, चुकलं."

"चुकलंच. फोटो मात्र बरा निवडलास. मी एवढी चांगली दिसायचे, हे मला कुणी तेव्हा सांगितलं नाही."

"बाई, फोटो मी निवडला," मी मध्येच बोलले.

"प्रेसवाल्यांची पोर ना तू? मजकूर वाचला मी. अनुस्वाराची एकही चूक नाही." बाई म्हणाल्या. "तेवढी एकच चूक केलीस, पण फ्लेक्सएवढी केलीस."

मामांनी नाक ओढलं. बाईंनाही ते कळलं असावं. त्यांचा सूर बदलला, वर्गात मूल रडायला लागल्यावर बदलत असेल तसा.

"हे बघ, फ्लेक्स उतरवला कुणी, माहीत आहे? सिस्टरनं. तिच्याबरोबरची पोरं फोटो काढत होती, सगळीकडे पसरवायला. उद्या हेच दाखवून मतं मागू म्हणत होती. तिनं त्यांना फोन खिशात घालायला लावले. म्हणाली, हा माझ्याच वर्गातला, हा असलं मुद्दाम करायचा नाही. मग शिडी आणवली आणि उतरवून, घडी घालून माझ्याकडे आणून दिला. मला म्हणते, बाई, हा कुठे ठेवू? मी म्हटलं, कपाटात ठेव, पुढेमागे लागेलच."

मामीला हसू आलं आणि ती पदरानं डोळे पुसू लागली. मामांनी विचारलं, "बाई, मी नाव मागे घेऊ का?"

पलीकडे भांड्यांचा, माणसांचा आवाज येत होता.

"सकाळपासून माणसं येतायत," बाई म्हणाल्या. "मी जिवंत आहे कळल्यावर निम्मी रडली. उरलेल्या निम्म्यांनी लगेच नळाची तक्रार सांगितली, आलोच आहोत तर म्हणून. मी काही नगराध्यक्ष राहणार नाही, हे ऐकूनही सांगतायत. माझ्यावाचून चालायला गाव शिकावं, म्हणून मी उभी राहिले नाही, कळलं का? आता तू मला विचारतोस, नाव मागे घेऊ का. ते मी ठरवलं तर मी उभी राहिल्यासारखंच झालं की रे. तुझं तू बघ. फक्त माझा फोटो वापरू नकोस. तिलाही हेच सांगितलंय."

फोन ठेवल्यावर मामा पंधरा मिनिटं गॅलरीत उभे होते. खाली मशिदीसमोर कुणीतरी पार्किंगवरून भांडत होतं, ते बघत होते की नव्हते, कोण जाणे. आत आले आणि मला म्हणाले, "कागद घे. लहान पत्रक. फोटो नाही."

ते माझ्या आयुष्यातलं सगळ्यात छोटं पत्रक. बाई सुखरूप आहेत. आमच्या फ्लेक्समुळे गावाला जो धक्का बसला त्याबद्दल मी हात जोडून माफी मागतो. सिस्टरनी फ्लेक्स सन्मानानं उतरवला, त्यांचा मी ऋणी आहे. चौथी ओळ मी माझ्या मनानं लिहिली होती: फोटो व मांडणी माझ्या भाचीची, चूक तिची.

मामांनी ती खोडली.

"हे खरं आहे," मी म्हटलं. "तुम्ही खरं खोडताय."

"खाली नाव कुणाचं आहे?"

"तुमचं."

"मग? तुझ्या बापाचा नियम आहे ना? खाली ज्याचं नाव, त्याचं सगळं."

मी भांडले. खूप भांडले. नियम माझा आणि माझ्याच तोंडावर मारला जात होता. ज्याच्या जिवावर मी इथे राहत होते, ज्याला मी तोंडावर सांगितलं होतं की तुमच्यापेक्षा दुसरं माणूस योग्य, तो माझी चूक स्वतःच्या नावावर लावून घेत होता, तेही अशा वेळी जेव्हा त्याचं नावच पणाला लागलं होतं. मामी शेवटी म्हणाली, "जेवून भांडा."

मामांनी नाव मागे घ्यायचं ठरवलं, पण मुदत आदल्याच दिवशी संपली होती असं कळलं. मामा त्याच आठवड्यात गावाला गेले. युनिटमध्ये मुख्य कारागिराला म्हणाले, "आठ दिवस तू बघ. इन्शाल्ला येतो." वडिलांनी मागच्या खोलीतलं जुनं यंत्र पुसून काढलं आणि ते पत्रक स्वतः छापलं, बंद पडलेल्या प्रेसचं शेवटचं काम म्हणून. मग दोघे मेहुणे घरोघर हिंडले. वडील फोनवर मला रोज हिशेब देत. आज त्या हारवाल्याकडे गेलो. आज बांबूवाल्याकडे. प्रत्येक दारात मामा हात जोडून उभे राहायचे, माफी मागायचे आणि निघताना सांगायचे, "मत सिस्टरना द्या. माझं नाव चिठ्ठीवर आहे, ते आता निघत नाही, तिकडे बघू नका."

"प्रचाराचा असला प्रकार मी बघितला नाही," वडील म्हणाले. त्यांच्या आवाजात कौतुक होतं. मामांबद्दल ते मी पहिल्यांदा ऐकलं.

पक्षाच्या मतदानात सिस्टर जिंकल्या. मामा परत आले ते रविवारी दुपारी. जेवताना बॅगेतून त्यांनी घडीचा एक कागद काढून माझ्यापुढे टाकला. ते माफीचं पत्रक. तळाला मामांचं नाव. आणि त्याखाली, सगळ्यात बारीक टाइपात, मी न लिहिलेली एक ओळ: फोटो निवडणारी, प्रेसवाल्यांची मुलगी.

"मी खोडून दिलं होतं," मामा म्हणाले. "दाजींनी मला न विचारता जुळवलं. दारोदार वाटून झाल्यावर मी वाचलं."

"सांगत होते ना, दाजींना थापा मारता येत नाहीत," मामी म्हणाली.

मामेबहिणीनं कागद ओढून घेतला आणि तळाच्या ओळीवर बोट ठेवलं. "व्हॉट डज इट से?" मी तिला अक्षर अक्षर लावून वाचायला लावलं. 'फोटो' तिनं धडपडत वाचलं आणि ती 'निवडणारी'वर अडकली.

दुसऱ्या दिवशी रास अल खोरला जाताना शारजाच्या त्याच पुलावर गाड्या थांबल्या. मी विचारलं, "मामा, तुम्हाला किती मतं पडली?"

"पडली थोडी. ऐकत नाहीत लोक." मग म्हणाले, "माझं नसतानासुद्धा पडली, म्हणजे बरीच म्हणायची."

मला ते कळायला क्षण लागला. "तुम्ही स्वतःला मत दिलं नाहीत?"

"सगळ्यांना सांगत हिंडलो तिला द्या, आणि आत पडद्यामागे जाऊन मीच मला देऊ?" त्यांनी गिअर टाकला, गाडी चार हात पुढे गेली आणि पुन्हा थांबली. "एक सांगू? आठ दिवस होतो. कधी आलास, कुणी विचारलं नाही. कधी जाणार, तेही कुणी विचारलं नाही. जो तो एकच विचारत होता, असं केलंस तरी कसं? मग सगळं पहिल्यापासून सांगावं लागायचं. ती फिलिपिनो पोरगी, फराळाचे डबे, आपलं युनिट, भाकऱ्या कोण थापतं, गावची पोरं कुठे कुठे लागलीत. दोन-दोन तास बसवून घेत होते लोक. चहा थंड व्हायचा."

समोरचा ट्रक हलला. मागून कुणीतरी हॉर्न दिला.

"सिस्टर म्हणाली, पुढच्या महिन्यात पाण्याच्या टाकीच्या जागेची बैठक आहे, ये," मामा म्हणाले. "सुटीचं बघतो म्हटलं." आणि आरशात बघून ते उजव्या लेनला लागले.